मार्थाचं आडनाव

रूथबाई,

तुम्हाला मातीला दिलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी सवयीने मिशनच्या दवाखान्याच्या ओसरीवर येऊन बसलो. शाळेला वेळ होता. तुमची वेताची खुर्ची कोणीतरी आत नेऊन ठेवली होती, बाक तेवढा जागेवर होता. डोंगरातून, धडगावकडून उतरलेली दोन माणसं एका म्हातारीला पाठुंगळी घेऊन आली आणि बाई कुठे आहेत म्हणून मला विचारू लागली. बाई नाहीत हे माझ्या तोंडून निघेना. मी त्यांना कंपाउंडरकडे पाठवलं आणि घरी आलो. तेव्हापासून तुम्हाला लिहायचं मनात आहे. तुम्हाला जड जाणार नाहीत अशी वाक्यं करण्याची सवय माझ्या हाताला लागली आहे. ती आता जायची नाही.

तुम्ही म्हसावदला आलात तेव्हा मी इथल्या शाळेत हेडमास्तर होतो. मिशनच्या मोठ्या साहेबांनी मला बोलावून सांगितलं की नव्या नर्सबाईंना मराठी शिकवा, त्यांना परीक्षा द्यायची आहे. मी रोज शाळेआधी येऊ लागलो. माझी बायको गोदावरी माझ्याबरोबर येऊन बसायची, कारण परक्या बाईसमोर मी एकट्याने बसणं तिला आणि गावाला, दोघांनाही पटलं नसतं. ती सूप आणि डाळ घेऊन यायची आणि भिंतीला टेकून निवडत बसायची. आपण दोघं तिला विसरून जायचो. तिने मात्र आपला एकही शब्द सोडला नाही, हे मला फार उशिरा कळलं.

क्रमिक पुस्तकाचा तुम्हाला कंटाळा आला. राजा, वाघ आणि लबाड कोल्हा यांचं मी काय करू, असं तुम्ही म्हणालात. मग एके दिवशी तुम्ही बहिणीचं पत्र घेऊन बसलात आणि म्हणालात, मी हे मराठीत सांगते, तुम्ही चुका काढा. तिथून आपला खरा अभ्यास सुरू झाला. तुमची बहीण एडिथबाई तिकडे अमेरिकेत शाळामास्तरीण. सुटी लागली की ती आगगाडीने गावोगाव जायची, कचेऱ्यांतली आणि तुमच्या देवळांतली जुनी दप्तरं उघडायला लावायची आणि तुमच्या घराण्याचा माग काढायची. जे सापडेल ते उतरवून तुम्हाला पाठवायची. तुमच्या म्हाताऱ्या वडिलांची एकच इच्छा होती ती. आपण डोंगरापलीकडच्या जंगलात लाकडी गढी राखणाऱ्या एका कॅप्टनचे वंशज आहोत, हे त्यांना लहानपणापासून सांगितलं गेलं होतं. तिकडे अशा घराण्यांची एक सभा आहे आणि कागदांनी वंश सिद्ध केला की ती सभा तुमचं नाव आपल्यात घेते. वडिलांना ते हवं होतं.

“माझा पूर्वज लाकडाच्या घरात राहत होता, त्याला खिडकी नव्हता.” हे तुमचं पहिलं वाक्य. मी म्हटलं, नव्हती. तुम्ही म्हणालात, पूर्वज की खिडकी? गोदावरी सूप हातात धरून हसली.

त्या पत्रांतून मला जे कळत गेलं ते कुठल्याही पुस्तकातून कळलं नसतं. अमेरिकेवरही एकेकाळी इंग्रजांचं राज्य होतं, हे मी शाळेत शिकवत होतो, पण तुमच्या तोंडून ऐकलं तेव्हा ते खरं वाटलं. मी विचारलं की मग ते गेले कसे. तुम्ही हसलात आणि म्हणालात, या विषयावर बोलायचं नाही अशी इथल्या सरकारला मी सही देऊन आले आहे. त्या जंगलात तुमच्या माणसांच्या आधी कोण राहत होतं, असंही मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात की होते, खूप होते, आमच्या घरात त्यांच्या फक्त भीतीच्या गोष्टी सांगतात. आपण तिथून सातपुड्याकडे पाहिलं.

आपली भांडणं मात्र रोज व्हायची. तुम्ही माझ्याकडे मराठी शिकायचात आणि दवाखान्यात बायकांकडून अहिराणी उचलायचात. “पोट दुखस का?” असं तुम्ही रोग्याला विचारलेलं ऐकून मी एकदा चांगलाच रागावलो. म्हटलं, परीक्षेत ‘दुखस’ आणि ‘शे’ चालायचं नाही. तुम्ही शांतपणे सांगितलंत की माझे रोगी माझी परीक्षा रोज घेतात. यावर मी कधी हार मानली नाही. आज मानायला तयार आहे, पण आता तुम्ही मिरवायला नाही.

आमच्या रनाळ्याच्या घरी भाट येतो आणि वंशावळ वाचून दाखवतो, हे सांगितल्यावर तुम्ही हट्टच धरलात. भाट आला त्या वर्षी आपण बैलगाडीने गेलो. माझ्या थोरल्या भावाने, दादाने, अंगणात तुमच्यासाठी खाट टाकली होती. भाटाने वही सोडली आणि गुजराथी-मराठी मिसळलेल्या त्याच्या चालीत तो आमचे पूर्वज म्हणू लागला. तापीकाठची काळी जमीन कोणी फोडली, विहीर कोणी बांधली, सगळं. तुम्ही डोळे मिटून ऐकत होता. शेवटी तुम्ही विचारलंत की यात मुली कुठे आहेत. भाट म्हणाला की मुलींचं नाव आम्ही घालत नाही, त्या दुसऱ्या घरच्या. दादाने अभिमानाने मान हलवली. परतताना गाडीत तुम्ही म्हणालात, एडिथ हे ऐकेल तर भाटाची वही फाडेल.

मग ते पत्र आलं. एडिथबाईंना हिशेब लागत नव्हता. कॅप्टनचं लग्न झालं त्याच्या आधीच याकोब नावाचा मुलगा घरात दिसत होता, आणि तुमचं घराणं याच याकोबापासून आलेलं. तिने पुष्कळ शोधलं. अखेर कॅप्टनचं मृत्युपत्र सापडलं. त्यात मुलांची नावं सांगून झाल्यावर कॅप्टनने लिहिलं होतं की मार्थाचा मुलगा याकोब, ज्याला मी वाढवलं, त्यालाही माझ्या मुलांसारखंच खालचं शेत आणि तांबडी घोडी द्यावी. मार्था ही त्यांच्या घरची मोलकरीण. समुद्रापलीकडून आलेली, जहाजाच्या भाड्यापोटी कित्येक वर्षांच्या करारावर बांधलेली. आमच्याकडे सालदार असतात तशी, असं मी म्हटलं. तुम्ही तो शब्द दोनदा म्हणून पाहिलात. मुलाचा बाप कोण ते कुठेच नव्हतं. कॅप्टनने त्याला आपल्या मुलांत मोजलं नव्हतं, म्हणजे त्याचं तुमच्यात रक्तच नव्हतं.

एडिथबाई विचारत होती की वडिलांना सांगू का. तुम्ही मला विचारलंत. मी सांगू नका म्हणालो. म्हातारा माणूस आहे, आयुष्यभर एका समजुतीवर ताठ चालला आहे, त्याची काठी का काढून घेता. तुम्ही म्हणालात की कॅप्टनने त्या मुलाला शेत दिलं, नाव दिलं, यापेक्षा मोठं काय असतं. मी म्हणालो, वाढवणं हे पुण्य आहे, पण वंश तो वंश. आपण दोघंही हट्टी. तुमचा आवाज कधी चढत नसे, त्या दिवशी चढला. मी पुस्तक मिटून उठलो.

तेव्हा गोदावरीने डाळीतून मान वर न करता विचारलं, “मंग त्या मार्थानं काय व्हयनं?”

आपल्या दोघांपैकी कोणालाही हा प्रश्न सुचला नव्हता. तुम्ही बहिणीला लिहिलंत. उत्तर यायला जहाजाला लागतो तितका वेळ लागला. मार्थाचा पुढे कुठे उल्लेख नाही. लग्न नाही, मृत्यू नाही, थडगं नाही. आडनावही नाही. गोदावरीने ते ऐकलं आणि ती सूप उचलून घरी गेली.

तुम्ही वडिलांना सांगायचं ठरवलंत आणि एडिथबाईने सांगितलं. म्हातारबाबांनी तिच्याशी बोलणं टाकलं. बर्फ पडायला लागला तरी ते बोलत नव्हते, असं तिने लिहिलं. मी तुम्हाला काही म्हटलं नाही, पण मनात म्हणालो की मी सांगितलं होतं. तुम्हालाही ते माझ्या तोंडावर दिसलं असणार.

त्याच हिवाळ्यात ती बाई आली. दुपारची वेळ होती. डोंगरातून खाली मजुरीला निघालेल्या टोळीतल्या लोकांनी तिला झोळीत घालून दवाखान्यात आणलं. वाटेत ती त्यांच्यात येऊन मिळाली होती, एकटीच, दिवस भरलेले. कोण, कुठली ते त्यांनाही ठाऊक नव्हतं, त्यांची बोली वेगळी होती. बोलण्यावरून डोंगरातली, पावरी बोलणारी वाटत होती. तुम्ही तिला नाव विचारलंत, मराठीत, मग अहिराणीत. तिला कळलं नाही, किंवा तिच्यात त्राण नव्हतं. मुलगी झाली. रक्त थांबलं नाही. ऊन उतरायच्या आत ती गेली. टोळी थोडी थांबली, मग पुढे निघून गेली, त्यांचाही इलाज नव्हता.

तुम्ही तिला दवाखान्यामागे, कडुनिंबापलीकडे पुरलंत. त्यानंतर कित्येक महिने तुम्ही तट्टावर बसून धडगावकडे जायचात आणि पाड्यापाड्यात विचारायचात की अशी एक बाई कोणाची हरवली आहे का. एडिथबाईला निदान कागद तरी होते. तुम्हाला तेही नव्हते. कोणी काही सांगू शकलं नाही. आपल्याला तिची भाषा आली असती तर मरणाऱ्या बाईचं नाव तरी कळलं असतं, हे तुम्हाला इतकं लागलं की तुम्ही धडगावच्या एका बाईकडे पावरी शिकायला लागलात. आपला पाठ मागे पडला. शेवटी शेवटी डोंगरातल्या बायका तुमच्याशी अशा बोलायच्या की मला एक अक्षर समजत नसे.

मूल दवाखान्यातच होतं. गोदावरी सकाळी त्याला तेल लावायला, न्हाऊ घालायला जाऊ लागली. इतकं नाजूक काम नर्सबाईला काय येणार, असं म्हणायची. आम्हाला मूल नव्हतं. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली होती की लोकांनी विचारणंही सोडलं होतं. ती घरी येताना तिच्या अंगाला तेलाचा आणि धुरीचा वास असायचा. मी ते पाहत होतो आणि पाहिलं नाही असं दाखवत होतो.

मग मोठ्या साहेबांचा निरोप आला की मुलगी मिशनच्या अनाथालयात पाठवा. तुम्ही माझ्या घरी आलात. त्याआधी तुम्ही माझ्या घरी कधी आला नव्हता. उंबऱ्याबाहेर उभ्या राहिलात आणि मला म्हणालात, “मास्तर, मी तुमच्याकडे काही मागायला आले नाही. विचारायला आले आहे. ही मुलगी तुमच्याकडे राहिली तर चालेल का?”

मी म्हणालो की मला दादाला विचारावं लागेल. तुम्ही बरं म्हणालात. मार्थाचं नाव काढलं नाही, कॅप्टनचं नाही, आपल्या वादाचं नाही. हातात इतकी मोठी काठी असून तुम्ही ती उगारली नाही. त्या एका गोष्टीसाठी मी जन्मभर तुमचा ऋणी आहे. माझं मन माझं मलाच बदलू दिलंत.

दादा रनाळ्याहून आला. तो वाईट माणूस नाही, तुम्हाला माहीत आहे. तो म्हणाला, सांभाळ हवं तर, जेवू घाल, पण आपलं नाव लावू नको. कोणाची, कुठली, काय जात. उद्या भाट येईल तर त्याला काय सांगणार. खरं सांगायचं तर माझ्या मनात तेच प्रश्न होते, मी ते शिकलेल्या शब्दांत विचारले असते इतकाच फरक. गोदावरी आतून आली. दादासमोर ती कधी तोंड उघडत नसे. डोक्यावरचा पदर सारखा करून ती म्हणाली:

“पोरीसना नाव तं भाट लिखतच नही. मंग त्याले काय सांगनं शे?”

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी दादाकडे पाहिलं. मग त्याला हसू फुटलं, आवरेना. हसतच तो पाणी प्यायला आणि म्हणाला की तुझी बायको वकील व्हायला हवी होती. पण जाताना पुन्हा गंभीर झाला. त्या वर्षी दिवाळीला त्याने आम्हाला बोलावलं नाही. पुढच्या वर्षी बोलावलं आणि मुलीसाठी परकर-पोलकं शिवून ठेवलं होतं.

मोठ्या साहेबांशी तुम्ही काय बोललात ते मला कधी सांगितलं नाहीत. ते आले, तुमच्या खोलीचं दार बराच वेळ बंद होतं, मग ते चहा न घेता गेले. त्यानंतर त्यांनी तुम्हाला म्हसावदहून हलवायचा विचार केला होता असं कंपाउंडर म्हणायचा. तुम्ही हलला नाहीत. मुलगी आमच्या घरी आली. गोदावरीने तिचं नाव तापी ठेवलं. एका नदीची मुलगी दुसरी नदी, म्हणाली.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, पण मला ते परत सांगायला आवडतं. बर्फ वितळल्यावर तुमच्या वडिलांनी एडिथबाईला सांगितलं की मला ते खालचं शेत दाखव. ते केव्हाच विकलं गेलं होतं. ती त्यांना घेऊन गेली. ते कुंपणाबाहेर उभे राहिले, कोणाचं तरी पीक बघत. घरी आल्यावर त्यांनी घरचं बायबल काढायला लावलं. त्याच्या पहिल्या पानावर घराण्याची नावं असतात, असं तुम्ही सांगितलं होतंत. तिथे सगळ्यात वर कॅप्टन होता. त्याच्या शेजारी त्यांनी मार्था लिहून घेतलं आणि पुढे आडनावाची जागा मोकळी सोडायला सांगितली. त्या सभेचं नाव त्यांनी परत काढलं नाही. हे पत्र तुम्ही मला मराठीत सांगितलंत तेव्हा एकही चूक नव्हती. किंवा असेल, मी पाहिली नाही.

तापी शाळेत घालायची झाली तेव्हा दाखल्याच्या पुस्तकात तिचं नाव मीच लिहिलं. तिच्या नावापुढे माझं नाव, त्यापुढे आमचं आडनाव. गावात थोडी कुजबुज झाली. मी पंतोजी, माझ्या पोरीचं अक्षर सगळ्यांत वाईट, त्यावर लोक जास्त हसले. तुमच्याकडे येऊन ती औषधाच्या बाटल्या पुसायची आणि तुमच्याशी तीन भाषांत भांडायची. आमच्या दोघांच्या अर्ध्या तक्रारी तुमच्यापर्यंत तिनेच पोचवल्या.

एक गोष्ट आपण लांबवत गेलो. तिला तिच्या आईबद्दल सांगायचं होतं. ती मोठी झाली की मी सांगेन, असं तुम्ही कबूल केलं होतंत, कारण तिच्या आईला पाहिलेलं आपल्यातलं माणूस तुम्हीच. दरवर्षी आपण तिघं म्हणायचो की अजून लहान आहे. यंदा तुम्ही म्हणालात की डोंगरातून परत आले की सांगते. आलात ती तापाने फणफणतच. गोदावरी तुमच्या उशाशी होती. भ्रम व्हायच्या आधी तुम्ही तिला अहिराणीत सांगितलंत की मला कडुनिंबापलीकडे ठेवा, तिच्या शेजारी. मोठे साहेब तुम्हाला मिशनच्या स्मशानात न्यायला आले होते. गोदावरी त्यांच्या गाडीसमोर उभी राहिली, आणि तिच्यामागे धडगावहून उतरलेली माणसं. साहेबांनी टोपी काढली आणि त्यांना हवं तसं करू द्या म्हणाले. चांगलं वागले ते, हे लिहून ठेवायला हवं.

तुमच्याशिवाय आता ते आम्हालाच सांगायला लागणार होतं. गोदावरी म्हणाली, आज सांगू. मी म्हणालो, रविवारी. ती म्हणाली, आजच. आम्ही तापीला ओसरीवर बसवलं. मी तयारी केली होती, अमेरिकेपासून सुरुवात करणार होतो. दोन वाक्यं झाली आणि मी गोदावरीकडे पाहिलं. मग गोदावरीनेच सांगितलं, डाळ निवडल्यासारखं, एकेक. टोळी, झोळी, दुपार. बाईंनी तिचं नाव विचारलं आणि ते कळलं नाही. बाई डोंगरात किती हिंडल्या. दादाकाका काय म्हणाला.

तापी गुडघ्यांवर हनुवटी ठेवून ऐकत होती. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत नव्हतो. मला भीती वाटत होती, बाई. इतक्या वर्षांत कशाचीच वाटली नाही तेवढी.

तिने विचारलं की कुठे आहे ती. मी सांगितलं, रूथबाईंच्या शेजारी. ती म्हणाली की तिथे तर ती रोज दवाखान्याचं धुणं वाळत घालायला जाते. मग तिने विचारलं की दादाकाकाला सगळं माहीत आहे का. मी म्हटलं, पहिल्यापासून. तिने मान हलवली, जणू एवढंच तिला नक्की करून घ्यायचं होतं. थोडा वेळ ती पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत बसली. डोळे भरले होते, पण पाणी पडू दिलं नाही. मग उठली, परकर झटकला आणि गोदावरीला म्हणाली:

“माय, माले भूक लागनी.”

गोदावरी चुलीकडे धावली. मी ओसरीवरच बसून राहिलो. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता आणि त्या दोघी कसल्याशा गोष्टीवरून भांडत होत्या. रूथबाई, तुमचं राहिलेलं काम झालं.